उमरग्याचं जुनं मशीन आणि माझे सत्तावीस प्रश्न

आमच्या घरात ज्या वस्तू मी नीट पारखून आणल्या आहेत, त्यांतली एकही चालत नाही.

मिस्टरांनी डोळे झाकून आणलेल्या मात्र सगळ्या चालतात. पंखा चालतो, मिक्सर चालतो, कुणाकडून तरी घेतलेली जुनी पाण्याची मोटारसुद्धा चालते. हा निव्वळ योगायोग आहे, असं मी पंधरा वर्षं सगळ्यांना समजावत आले आहे.

मी नळदुर्गच्या अलीकडच्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. ताळा करून बघितल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. भाजीवालीनं कोथिंबीर फुकट दिली तर मी तिथंच जुडी सोडून आतली काडी न् काडी बघते. मिस्टर एकदम उलटे. दुकानदारानं पाचशे सांगितले की हे पाचशे देतात आणि वर विचारतात, "परवडलं ना तुम्हाला?"

तर झालं असं, की दसऱ्याच्या तोंडावर सोयाबीन कापून रानात ढीग लागला होता, आणि मळणी यंत्रवाल्यानं आम्हाला पुढचा गुरुवार दिला होता. (गुरुवार चुकला असता तर पुढचे दहा दिवस तो सापडणार नव्हता. आणि रोज दुपारी आभाळ भरून यायचं!) नेमकी त्याच आठवड्यात वावटळ आली आणि आमच्या बांधावरची जुनी बाभूळ गाडीवाटेवर आडवी झाली. अशी आडवी, की तिच्यावरून मांजर गेलं असतं, मळणी यंत्र नाही.

लाकूडतोड्यांना फोन केले. एक म्हणाला, "उद्या येतो." दुसरा म्हणाला, "परवा येतो." तिसऱ्यानं फोनच उचलला नाही, म्हणजे तोच त्यातला खरा बोलणारा. मग मिस्टर म्हणाले, आपणच चेनसॉ घेऊन टाकू. चेनसॉ म्हणजे पेट्रोलवर चालणारी ती घर्रर्र करणारी करवत. नव्याची किंमत ऐकल्यावर "परवडलं ना तुम्हाला?" हे विचारायचं मिस्टरसुद्धा विसरले!

मग शनिवारी त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. उमरग्याच्या कुणा अण्णांनी जुनं मशीन विकायला काढलं होतं. फोटो, फोन नंबर, किंमत आठ हजार.

"घेऊन येतो जाऊन," मिस्टर म्हणाले.

"तुम्ही?" मी म्हणाले. "तुम्ही त्याला दहा हजार देऊन याल. मी येणार."

त्या दिवशी मी मोबाईलवर जुनं मशीन कसं पारखावं याचे नऊ व्हिडिओ बघितले आणि वहीत सत्तावीस प्रश्न काढले. मुख्य नियम दोन. एक, इंजिन गार असताना चालू करून बघायचं. विकणारे आधीच गरम करून ठेवतात, म्हणजे ते पटकन चालू होतं. दोन, आपली नड दाखवायची नाही.

रविवारी एसटीनं निघालो. सोबत सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांना उमरग्यात काही काम नव्हतं, पण एसटीचं अर्धं तिकीट झाल्यापासून त्यांना कुठंच काम नसतं आणि त्या सगळीकडं जातात. गाडीत मी दोघांना पढवलं : "आपल्याला मशीन घ्यायचंच आहे असं नाही. सहज बघायला आलोय. कळलं?"

"कळलं की," आत्याबाई म्हणाल्या. "म्या काय लहान हाय व्हय?"

अण्णांचं घर हायवेपासून आत, पत्र्याचं. साठीचा, कमरेत वाकलेला माणूस. त्यांच्या बायकोनं अंगणात सतरंजी टाकली. आम्ही अजून टेकलोही नव्हतो, तेवढ्यात आत्याबाईंनी हात जोडले.

"बाबा, झाड वाटंवर आडवं पडलंय, बेस्तरवारी मळणी हाय, आभाळ रोज भरून येतंय. आता तुमीच वाचवा!"

झालं! नियम नंबर दोन एसटी स्टँडपासून दहा मिनिटांत संपला. आता हा माणूस भाव वाढवणार म्हणून मी वही घट्ट धरली.

अण्णा म्हणाले, "मग सात द्या."

"काय?"

"आठ लिवलं हुतं पोरानं. पर तेवढी किंमत न्हाय त्याची. कंबर धरती म्हणून इकतोय. बगा, चेन झिजलीय, म्हैन्याभरात बदलावी लागंल. पैल्या झटक्याला चालू हुत न्हाय, तिसऱ्याला हुतंय. आन् ठिवल्या जागी जरा ऑईल गळतं."

मिस्टरांचा चेहरा तुळजापूरला दर्शन झाल्यासारखा झाला. मी मात्र आतून सावध झाले. मला सांगा, आपल्या वस्तूतले दोष कोण आपणहून सांगतं? तीन लहान दोष सांगून हा माणूस एक मोठा दोष लपवतोय, हे उघड होतं!

मी पुढं होऊन इंजिनावर तळहात ठेवला. चटका बसला.

"गरम आहे!" मी ओरडले. "आम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलंत ना?"

"बाई, उनात हाय की ओ ते," अण्णा म्हणाले. "त्या बादलीला हात लावा बरं."

मी बादलीला हात लावला. तिथंही चटका बसला. तरी मी मशीन सावलीत ठेवायला लावलं आणि अर्धा तास घड्याळ लावून बसले. तेवढ्यात चहा आला. (चहा कशाला देतोय? मी कपाचा वास घेऊन प्यायले.) अर्ध्या तासानं अण्णांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्याला मशीन चालू झालं.

"बगा, तिसऱ्याला," अण्णा म्हणाले.

बरोबर तिसऱ्याला! सांगितल्याप्रमाणे! इतकं ठरल्यासारखं काही चालतं का? माझा संशय दुप्पट झाला.

"बिल?" मी विचारलं.

अण्णांनी ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं बिल काढलं. मशीन इतकं जुनं आणि बिलाला एक सुरकुती नाही! मी मशीनवरचा नंबर बिलाशी ताडून पाहिला. जुळला. मी परत एकदा उलट्या बाजूनं ताडला. तसाही जुळला. मग मी त्यांचं आधार कार्ड मागितलं, मशीनचे फोटो काढले, दारावरच्या नावाचा फोटो काढला, परसातल्या लाकडांचाही काढला, आणि वहीतला सोळावा प्रश्न विचारला.

"या मशीननं आजपर्यंत कुठली कुठली झाडं कापली?"

प्रश्न मशीनवर किती ताण पडलाय ते समजावं म्हणून होता. पण कुंपणापाशी आठदहा माणसं जमली होतीच, ती दोन पावलं मागं सरकली. अण्णांच्या बायकोनं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मला एवढंच ऐकू आलं, "...फारेस्टच्या मॅडम दिसत्यात!"

अण्णांचा रंग उडाला. "मॅडम, म्या आंब्याला हात लावला न्हाय. चिंचंला न्हाय. पडलेलं, वाळल्यालं, तेबी मालक बोलिवला तर!"

"मी कुठं म्हटलं तुम्ही चिंच तोडली?" मी डोळे बारीक करून विचारलं. (न विचारता चिंचेचं नाव घेतलं! वहीत नोंद केली.)

ते लिहिताना बघून अण्णांनी मशीन उचललं, घरात नेलं आणि आतून कडी लावली. दाराआडून आवाज आला, "मला इकायचंच न्हाय! मशीनबी माझं न्हाय!"

"ऐकलंत?" मी मिस्टरांना म्हणाले. "शेवटी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. चोरीचं!"

"अगं, तू त्यांना घाबरवलंस..."

"खऱ्याला कशाला भीती?"

आत्याबाई सतरंजीवरून उठता उठता म्हणाल्या, "च्या मातुर झकास हुता."

आम्ही हायवेवर आलो, तर मागून कुणीतरी हाक मारली. चौकड्याचा शर्ट, हातात जाड कडं, तोंडभर हसू.

"मॅडम, म्या मगाशी कुंपणाला उभा हुतो. अशी नजर म्या आजवर बगितली न्हाय. तुमाला कुणी फसवूच शकत न्हाय!"

हा माणूस मला एकदम समजूतदार वाटला.

त्याच्याकडंही एक जुनं मशीन होतं. "पर मॅडम, माझ्यावर इस्वास ठिऊ नका. इचारा. समदं इचारा." त्यानं आम्हाला गल्लीतल्या शेडमध्ये नेलं आणि मशीनवरचं ओलं पोतं बाजूला केलं. मी तळहात ठेवला. थंडगार! माठासारखं! मी विजयी मुद्रेनं मिस्टरांकडं पाहिलं. त्यानं दोरी ओढली. पहिल्या झटक्याला चालू!

"ओलं कशानं आहे?" मी विचारलं.

"पुसून ठिवतो मॅडम रोज. लेकरागत."

मग मी वही उघडली. पण या माणसाचा अनुभव असा दांडगा, की माझा प्रश्न अर्धा तोंडात असतानाच उत्तर यायचं. सोळावा तर मी विचारलाच नाही; तोच म्हणाला, "आन् झाडं म्हणाल तर फक्त सुबाभूळ." बिलाचं विचारलं तर हसला. "मॅडम, चोर पैलं बिल तयार करतो. खऱ्या माणसाकडं कवा बिल सापडतंय का?"

हे मला इतकं तर्कशुद्ध वाटलं, की मी ते गणिताच्या तासाला सांगायचं ठरवलं.

भाव चौदा हजार सांगितला. मी कंबर कसली. मिस्टर तेवढ्यात, "जरा जाऊन येतो," म्हणून निघाले. बरंच झालं! वीस मिनिटं मी त्या माणसाला असा पिळला, की तो खाली बसला. त्यानं डोकं धरलं. डोळे पुसले. "मॅडम, आज माझं दुकान बंद पाडलंत." साडेनऊ हजारांना सौदा ठरला. मिस्टर घाम पुसत परत आले तेव्हा मशीन पोत्यात बांधलेलं होतं.

"सात हजारांचं तर तिथं..." ते बोलायला लागले.

"ते चोरीचं होतं. हे मी पारखून घेतलंय."

सोमवारी शाळा सुटल्यावर सगळे बाभळीपाशी जमलो. शेजारचे चार शेतकरी आले, कारण त्यांचाही माल त्याच वाटेनं निघणार होता. नारळ फोडला. मी जमलेल्यांना गार इंजिनाचं महत्त्व थोडक्यात (पाव तास) सांगितलं. मिस्टरांनी दोरी ओढली. पहिल्याला नाही, तिसऱ्याला नाही, अकराव्याला चालू झालं.

पातं बुंध्यात चार बोटं गेलं. घर्रर्र... घर्र... घ... खक्.

मशीन बंद.

एकेकानं येऊन दोरी ओढली. प्रत्येकाला वाटायचं, आधीच्यात जोर नव्हता. पाचव्याच्या हातात दोरीच आली. आणि पातं बुंध्यात असं आवळून बसलं होतं, की निघेना. म्हणजे सकाळी वाटेवर नुसती बाभूळ होती. आता बाभळीत रुतलेलं साडेनऊ हजारांचं मशीनही होतं!

मंगळवारी गावातला मोटारसायकलचा मिस्त्री हत्यारं घेऊन झाडापाशीच आला. त्यानं झाकण उघडून आत बोट घातलं.

"मॅडम, इंजन एका मशीनचं हाय, टाकी दुसऱ्याची. आन् ही स्प्रिंग..." त्यानं ती उजेडात धरली. "ही बॉलपेनची हाय."

"पण इंजिन तर थंडगार होतं!" मी म्हणाले. "वर ओलं पोतं..."

मिस्त्रीनं स्प्रिंग खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "तापल्यालं मशीन गार करायला वल्लं पोतंच टाकत्यात, मॅडम."

मी चौकड्याच्या शर्टाला फोन लावला. बंद. परत लावला. परत बंद. आभाळही त्या दिवशी जरा जास्तच भरून आलं. दोन थेंब पडले आणि मिस्टर ताडपत्री घेऊन रानाकडं धावले. चार महिन्यांची मेहनत त्या ढिगात होती, आणि मी वही घेऊन फिरत होते. मला मनातून रडू येत होतं, पण मी ते दिसू दिलं नाही.

आणि तेव्हाच मिस्टरांचं वागणं मला खटकायला लागलं. इतकं सगळं होऊन हा माणूस मला एक शब्द बोलत नव्हता! नवरा टोमणा मारत नाही म्हणजे नक्कीच काहीतरी लपवतोय. बुधवारी सकाळी ते परसात फोनवर कुजबुजत होते. मी खिडकीला कान लावला.

"व्हय, व्हय. दहाला. शेतातल्या गोठ्यापाशी. हिला मात्र कळू देऊ नका."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाभूळ! घाईगडबडीत मिस्टर ती बाभूळ कुणा लाकूडवाल्याला मातीमोल किमतीला देणार! मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आत्याबाईंना सोबत घेतलं आणि गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीआड जाऊन बसले. आत्याबाईंना कशासाठी ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. पानाचा डबा तेवढा घेतला.

दहाला मिस्टर आले. मग बांधावरून एक माणूस वाकत वाकत आला. खांद्यावर पोतं. जवळ आला, पोतं उतरवलं आणि तोंड या बाजूला केलं.

अण्णा!

मी गंजीआडून उडी मारली. "सापडलात!"

अण्णांनी मला पाहिलं, पोतं टाकलं आणि पळत सुटले! कंबर धरलेला माणूस इतका पळू शकतो हे मी प्रथमच पाहिलं. कापलेल्या सोयाबीनच्या रानातून पुढं अण्णा, "म्या न्हाय! म्या चिंच न्हाय तोडली!" त्यांच्यामागं मिस्टर, "अण्णा, थांबा! ती माझी बायको आहे!" त्यांच्यामागं मी, "कितीला दिलीत बाभूळ?" आणि गंजीपाशी उभ्या राहून आत्याबाई, "आरं, पळताय कशाला? च्या घिऊन जावा की!"

विहिरीपाशी अण्णांचा दम संपला. मिस्टरांनी त्यांना धरून कट्ट्यावर बसवलं, आणि मग सगळं बाहेर आलं. रविवारी मी त्या शेडमध्ये सौदा करत होते, त्या वीस मिनिटांत मिस्टर अण्णांच्या दारात जाऊन माफी मागून आले होते; मी फॉरेस्टची नाही, हे मात्र अण्णांना पटलं नव्हतं. माफीसोबत मशीनचा पाचशे रुपये विसारही देऊन आले होते. माझं मशीन बंद पडल्यावर त्यांनी फोन केला, आणि अण्णा, कंबर दुखत असताना, आज पहिल्या एसटीनं मशीन खांद्यावर टाकून आले होते.

"म्हातारी बोलली हुती न्हवं," अण्णा धापा टाकत म्हणाले, "बेस्तरवारी मळणी हाय म्हणून. जिवाला लागून राहिलं."

मी म्हणाले, "मला माफ करा. मी फॉरेस्टची नाही. मी शाळेत शिकवते. गणित."

अण्णांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "कशावरून?"

"म्हणजे?"

"सतराचा पाढा म्हणा बरं."

मी बांधावर उभी राहून, पायात सोयाबीनची धसकटं टोचत असताना, सतराचा पाढा म्हणायला लागले. पळून दम लागला होता. "सतरा पंचे पंच्याऐंशी... सतरा सक एकशे दोन... सतरा साते... सतरा साते..."

"एकशे एकोणीस," अण्णा म्हणाले. मग मिस्टरांकडं वळून हळूच, "नक्की मास्तरीणच हायत ना?"

आत्याबाईंनी तेवढ्यात येऊन देवीची आण घेतली, तेव्हा कुठं त्यांचा विश्वास बसला.

पुढचं काम दोन तासांत झालं. अण्णांनी दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला मशीन चालू. बुंध्याच्या खाचेत लाकडी पाचर ठोकून त्यांनी आधी माझं रुतलेलं मशीन मोकळं केलं, ते उलटसुलट करून पाहिलं आणि काही न बोलता माझ्या हातात दिलं. त्यांनी काही बोलायला हवं होतं. मला बरं वाटलं असतं. मग बाभळीचे तुकडे केले आणि मिस्टरांना मशीन चालवायला शिकवलं. मी वर मजुरीही देऊ केली, तर म्हणाले, "ठरलंय तेवढंच. सात. इसार पाचशे त्यात धरलाय." फक्त जाताना माझ्या वहीकडं बोट करून म्हणाले, "त्यातलं माझं नाव तेवढं खोडा."

मी त्यांच्यासमोर खोडलं. गुरुवारी मळणी झाली आणि शुक्रवारी दुपारी पाऊस कोसळला. अठ्ठावीस पोती कोरडी घरात होती. मिस्टरांनी तेव्हाही टोमणा मारला नाही. मी तीन दिवस वाट पाहिली!

आता गावात माझं नाव झालंय. कुणालाही जुनी मोटारसायकल घ्यायची असो, जुना ट्रॅक्टर घ्यायचा असो, नाहीतर दुभती म्हैस, लोक आधी आमच्या दारात येतात. "मॅडम, जरा सोबत चला की. तुमी बगितल्याबिगर घ्यायचं न्हाय." जाण्यायेण्याचं भाडं तेच देतात, वाटेत भजी खाऊ घालतात. मी वही उघडते, सत्तावीसच्या सत्तावीस प्रश्न विचारते, आणि शेवटी स्पष्ट सांगते की यातलं अमुक तर अजिबात घेऊ नका.

लोक तेच घेतात. आजवर एकही सौदा चुकलेला नाही.